सह्याद्रीतील शिबिरस्थळे

सह्याद्री पर्वताच्या घाटमाथ्यावरील व त्याच्या लगतची, वस्तीपासून दूर असलेली आणि तात्पुरत्या निवाऱ्याच्या आधाराने एक वा अनेक रात्री मुक्काम करता येईल अशी निसर्गरम्य स्थळे. त्यांत डोंगरी किल्ल्यांच्या माच्या, पठारे, नद्यांची उगमस्थाने, जलाशयांचे काठ, लेणी व अरण्यालगतची पाडे यांचा समावेश होतो. शिबिरस्थळ म्हणजे केवळ प्रेक्षणीय स्थळ नव्हे. जेथून दृश्य उत्तम दिसते तेथे रात्र काढता येतेच असे नाही. पिण्याचे पाणी, वाऱ्यापासून आडोसा, निचऱ्याची सपाट जमीन व संकटसमयी खाली उतरण्याची वाट या चार गोष्टी जेथे एकत्र येतात, तेच स्थळ मुक्कामास योग्य ठरते. सह्याद्रीत यांपैकी पाण्याची उपलब्धता ही सर्वांत निर्णायक आहे.

इतिहास : करमणुकीसाठी तंबू ठोकून राहण्याची प्रथा पाश्चात्त्य देशांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली. टॉमस हायरम होल्डिंग (१८४४–१९३०) या ब्रिटिश गृहस्थाने १९०८ मध्ये या विषयावर एक मार्गदर्शक ग्रंथ लिहिला. तत्पूर्वी १९०७ मध्ये बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधील ब्राउन्सी बेटावर मुलांचे प्रायोगिक शिबिर भरविले व त्यातून बालवीर चळवळ उदयास आली. भारतात शिबिरजीवनाचा प्रसार प्रामुख्याने या चळवळीमुळे झाला.

सह्याद्रीत मात्र उघड्यावर मुक्काम करण्याची परंपरा याहून पुष्कळच जुनी आहे. जुन्नर व कोकणातील बंदरे यांना जोडणाऱ्या नाणेघाटात सातवाहनकालीन लेणे व खडकात खोदलेली पाण्याची टाकी आढळतात. घाट चढून आलेल्या तांड्यांचा हा विसाव्याचा पडाव होता. प्राचीन शिलालेखांत अशा टाक्यांना ‘पोढी’ असे म्हटले आहे. पुढे मराठेशाहीत दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर फौजा मोहिमेवर निघत आणि पावसाळ्यापूर्वी परतत. दूरच्या मुलखात पावसाळा काढावा लागल्यास त्या मुक्कामास ‘छावणी’ म्हणत. डेरा, राहुटी, पाल, कनात, मेख, तणावा हे शब्द त्या काळापासून मराठीत रुळलेले आहेत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई, पुणे, नाशिक इ. शहरांतील गिरिभ्रमण संस्था आणि गो. नी. दांडेकर (१९१६–९८) यांच्यासारख्या लेखकांचे दुर्गविषयक लेखन यांमुळे सुशिक्षित तरुणवर्गात डोंगरी मुक्कामाची आवड वाढली. त्या काळी तंबू क्वचितच नेला जाई. गडावरील देऊळ, गुहा अथवा पायथ्याच्या गावातील घराची पडवी हाच निवारा असे. हलके तंबू स्वस्त झाल्यावर, विशेषतः २००० नंतर, पाण्यापासून दूर असलेल्या कड्यांवर व जलाशयांच्या काठी मोठ्या संख्येने राहुट्या उभारल्या जाऊ लागल्या.

भूरचना व पाणी : महाराष्ट्रातील सह्याद्री मुख्यतः बेसॉल्ट खडकाचा बनलेला आहे. सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वी झालेल्या ज्वालामुखी उद्रेकांतील लाव्ह्याचे थर एकावर एक साचून तो तयार झाला. कठीण व मृदू थर आलटून पालटून असल्याने डोंगरांना पायऱ्यांसारखा आकार आला. कठीण थरांचे उभे कडे झाले, तर मृदू थर झिजून माच्या व पठारे निर्माण झाली. पश्चिमेकडे कोकणात तुटणारे कडे आणि पूर्वेकडे उतरत जाणाऱ्या डोंगररांगा हे या प्रदेशाचे वैशिष्ट्य होय. महाबळेश्वरच्या दक्षिणेस अनेक माथ्यांवर जांभ्या दगडाचे आच्छादन असून अशा सपाट खडकाळ भागांना ‘सडा’ म्हणतात.

घाटमाथ्यावर पाऊस विपुल, पण पाणी दुर्मिळ अशी विसंगती आढळते. महाबळेश्वर येथे वर्षाला सु. ६,००० मिमी. पाऊस पडतो, तर तेथून हवाई अंतराने सु. २५ किमी. पूर्वेस असलेल्या वाई येथे तो याच्या एक-अष्टमांशाच्या आसपास असतो. घाटमाथ्यावरील हा पाऊस जवळजवळ सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो व तीव्र उतार आणि पातळ मृदा यांमुळे वेगाने वाहून जातो. बेसॉल्टमध्ये पाणी मुख्यतः भेगांतून व दोन थरांच्या सांध्यांतून झिरपते. अशा सांध्यांशी काही ठिकाणी बारमाही झरे आढळतात. इतरत्र दिवाळीनंतर ओढे आटू लागतात. त्यामुळे प्राचीन लेणी व किल्ले यांच्या निर्मात्यांनी कातळात टाकी खोदून पावसाचे व झिरपणारे पाणी साठविले. आज अरण्यात असल्यासारखी भासणारी बहुतेक शिबिरस्थळे या मानवनिर्मित टाक्यांमुळेच मुक्कामायोग्य झाली आहेत.

प्रमुख स्थळे : अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील व त्यालगतचा डोंगराळ भाग हे सह्याद्रीतील सर्वांत प्रसिद्ध शिबिरक्षेत्र होय. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई (१,६४६ मी.) याच भागात आहे. येथील हरिश्चंद्रगडावर (सु. १,४२० मी.) हरिश्चंद्रेश्वराचे प्राचीन मंदिर, पुष्करिणी, कोरीव लेणी व पाण्यात उभे असलेले शिवलिंग असलेली केदारेश्वराची गुहा आहे. पाचनई व खिरेश्वर या गावांतून गडावर जाण्याच्या वाटा अधिक वापरात आहेत. गडाचा पश्चिमेकडील अर्धवर्तुळाकार कोकणकडा आतल्या बाजूस वळलेला असून खाली शेकडो मीटर तुटलेला आहे. दरीत धुके असताना सकाळच्या तिरप्या उन्हात कड्यावर उभ्या असलेल्या व्यक्तीस स्वतःची सावली व तिच्याभोवती रंगीत वर्तुळ दिसते. या दृश्यास ‘इंद्रवज्र’ म्हणतात. कर्नल साइक्स यांनी १८३५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दख्खनच्या हवामानविषयक निबंधात या गडावर पाहिलेल्या अशा वर्तुळाकार इंद्रधनुष्याचे वर्णन आढळते.

याच्या उत्तरेस प्रवरा नदीच्या उगमाजवळ रतनगड (सु. १,३०० मी.) आहे. त्याच्या माथ्यावर वाऱ्यापावसाने खडकास पडलेले आरपार भोक, म्हणजे ‘नेढे’, असून गडावर गुहा व टाकी आहेत. पायथ्याच्या रतनवाडीत अमृतेश्वराचे शिल्पसंपन्न मंदिर आहे. प्रवरेवर भंडारदरा येथे ब्रिटिश अमदानीत बांधलेले विल्सन धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. त्याच्या जलाशयाकाठची गावे आज मुक्कामासाठी लोकप्रिय आहेत. साम्रद गावाजवळील सांधण ही अतिशय अरुंद घळ असून दोन्ही बाजूंचे कातळ काही ठिकाणी अगदी जवळ येतात. घळीत पाण्याचे डोह आहेत. पावसात घळीतून पाण्याचा लोंढा येत असल्याने तेथे उतरणे केवळ कोरड्या ऋतूतच शक्य असते.

लोणावळ्याच्या उत्तरेस उल्हास नदीच्या खोऱ्याच्या माथ्यावर असलेल्या राजमाचीला श्रीवर्धन व मनरंजन असे दोन बालेकिल्ले असून त्यांच्या पायथ्याशी माचीवर उधेवाडी हे गाव वसले आहे. गाव, तलाव, जुने शिवमंदिर व अरण्य एकत्र असल्याने नवख्या भटक्यांना हे स्थळ सोयीचे ठरते. पुणे जिल्ह्यातील राजगडाच्या पद्मावती माचीवरील तलाव व देऊळ यांच्या आधाराने गिरिभ्रमण करणाऱ्यांच्या कित्येक पिढ्यांनी तेथे रात्री काढल्या आहेत. २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेशांतील १२ किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यांत राजगडही आहे. अशा संरक्षित वास्तूंच्या परिसरातील मुक्काम पुरातत्त्व खात्याच्या नियमांच्या अधीन असतो.

सातारा जिल्ह्यात कोयनेच्या शिवसागर जलाशयापलीकडे घनदाट अरण्यात वासोटा किल्ला आहे. बामणोलीहून नावेने तेथे जावे लागते. हा भाग सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येत असल्याने किल्ल्यावर दिवसा जाऊन परतावे लागते व मुक्काम जलाशयाच्या अलीकडच्या काठावरील गावांत करावा लागतो. दक्षिणेस सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आंबोली हे अतिवृष्टीचे स्थान आहे. तेथील सडे व सदाहरित अरण्य उभयचर प्राण्यांसाठी प्रसिद्ध असून केवळ या परिसरात आढळणाऱ्या एका भेकाच्या जातीचे वर्णन २००९ मध्ये प्रसिद्ध झाले.

ऋतुमान : नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ मुक्कामासाठी सर्वांत अनुकूल असतो. आकाश निरभ्र असते व टाक्यांत पाणी असते. रात्री थंड हवा उतारावरून खाली सरकून खोलगट भागांत साचते. त्यामुळे माथ्यापेक्षा दरीत व जलाशयाकाठी अधिक गारठा व दव आढळते. डिसेंबरनंतर गवत वाळते व मार्चपासून वणव्यांचा धोका वाढतो. एप्रिल व मे महिन्यांत वळवाच्या पावसाबरोबर विजा पडतात. मेच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत भंडारदरा परिसरात हिरडा, बेहडा, जांभूळ, ऐन इ. वृक्षांवर असंख्य काजवे एका तालात लुकलुकताना दिसतात. ही लुकलुक नर व मादी यांच्यातील संकेत असल्याने मोटारींचे दिवे व विजेऱ्या यांच्या झोतामुळे त्यांच्या मीलनात व्यत्यय येतो. पावसाळ्यात सह्याद्रीचे सौंदर्य कळसास पोहोचते. तथापि निसरडे कातळ, दरडी, ओढ्यांना अचानक येणारे लोंढे व दाट धुके यांमुळे उघड्यावरील मुक्काम त्या काळात टाळणे इष्ट असते. पावसाळ्याच्या अखेरीस सडे व पठारे रानफुलांनी भरून जातात. कारवी ही वनस्पती सामान्यतः सात वर्षांनी एकदा सामूहिक रीत्या फुलते.

जागेची निवड व व्यवस्था : राहुटीची जागा कड्याच्या काठापासून बरीच आत असावी. कोकणातून वर चढणारा वारा कड्याच्या ओठाशी सर्वांत जोरदार असतो आणि रात्री धुक्यात काठाचा अंदाज राहत नाही. ओढ्याचे कोरडे पात्र, सैल दरडीचा पायथा, एकाकी उंच झाड व उघडी धार या जागा टाळतात. तंबूचे तोंड वाऱ्याच्या विरुद्ध दिशेस ठेवून तणावे मेखांना, अथवा कातळावर मेख रुतत नसल्यास जड दगडांना बांधतात. त्यासाठी किल्ल्याच्या तटाचे वा जोत्याचे दगड मात्र हलवू नयेत.

शौचासाठी पाण्याच्या साठ्यापासून किमान ६० मी. अंतरावर व उताराच्या खालच्या अंगास सु. १५ ते २० सेंमी. खोल खड्डा खणून तो नंतर मातीने बुजवितात. टाक्यात उतरून अंघोळ करणे, भांडी विसळणे वा साबण वापरणे पूर्णतः वर्ज्य आहे. वाहत्या नदीत मिसळलेली घाण कालांतराने वाहून जाते. टाक्यातील पाणी मात्र पुढील पावसापर्यंत तेच राहते. पिण्याचे पाणी उकळून अथवा निर्जंतुक करून घ्यावे. स्वयंपाकासाठी चूल पेटविण्याऐवजी छोटा स्टोव्ह नेणे सोयीचे व सुरक्षित असते.

धोके : सह्याद्रीत नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे चार प्रमुख विषारी साप आढळतात. रात्री विजेरीशिवाय चालू नये आणि सकाळी पादत्राणे झटकून घालावीत. दंश झाल्यास जखम कापणे वा विष चोखणे घातक ठरते. तो अवयव न हलविता रुग्णास शक्य तितक्या लवकर रुग्णालयात नेऊन प्रतिविष देणे हाच खरा उपाय होय. भारतात उपलब्ध असलेले प्रतिविष वरील चारही जातींच्या विषांवर चालते. कड्यांच्या कपारींत आग्या मोहोळे असतात. धूर, उग्र सुगंध व गोंगाट यांमुळे माश्या खवळतात व सामूहिक हल्ला करतात. अनेक अपघात मात्र उंचीचा, अंतराचा व अंधाराचा अंदाज चुकल्याने होतात. म्हणून स्थानिक वाटाड्या बरोबर घेणे व परतीची वेळ पायथ्याच्या गावात सांगून ठेवणे हिताचे असते.

कायदे व निर्बंध : घाटमाथ्यावरील पुष्कळशी जमीन वनखात्याच्या ताब्यात आहे. भारतीय वन अधिनियम, १९२७ अन्वये राखीव वनात आग पेटविणे हा गुन्हा आहे, तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये अभयारण्यात प्रवेशासाठी परवाना लागतो. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ मध्ये घोषित झाले. कोयना अभयारण्य (१९८५) व चांदोली राष्ट्रीय उद्यान यांचा मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प करण्यात आला. त्याचे क्षेत्र सु. १,१६५ चौ. किमी. आहे. पश्चिम घाटातील ३९ स्थळांचा जागतिक वारसा यादीत २०१२ मध्ये समावेश झाला. त्यांपैकी कास पठार, कोयना, चांदोली व राधानगरी ही चार महाराष्ट्रातील आहेत. देवरायांना कायद्याहून जुने संरक्षण लाभले आहे. देवतेच्या नावे राखलेल्या या राईतून वाळलेली काटकीही न उचलण्याचा दंडक अनेक गावांत पाळला जात असे. वा. द. वर्तक व माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात केलेल्या अभ्यासामुळे देवरायांचे वनस्पतिशास्त्रीय महत्त्व प्रकाशात आले. अशा राईत राहुटी ठोकणे स्थानिक रूढीस धरून नाही.

धारणक्षमता : एखादे शिबिरस्थळ किती माणसांचा भार सोसू शकते, हा सह्याद्रीतील डोंगरी मुक्कामाचा आज सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. साध्या गणिताने त्याचे स्वरूप स्पष्ट होते. तीन मी. लांब, तीन मी. रुंद व दोन मी. खोल टाक्यात सु. १८,००० लिटर पाणी मावते. पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी दरडोई पाच लिटर धरल्यास २०० माणसांना एका रात्रीस १,००० लिटर लागते. म्हणजे असे टाके १८ मुक्कामांत रिकामे होईल. केवळ शनिवारचेच मुक्काम मोजले, तरी नोव्हेंबरच्या आरंभी काठोकाठ भरलेले टाके मार्चच्या आरंभी कोरडे पडेल. बाष्पीभवन, साचलेला गाळ, तसेच गुरे व वन्य प्राणी यांचा वाटा यात धरलेला नाही. दहा-बारा जणांच्या तुकडीस तेच पाणी उन्हाळाभर पुरले असते. टाकी खोदणाऱ्यांनी ती शिबंदीच्या अथवा वाटसरूंच्या गरजेनुसार खोदली होती. त्यात एका रात्रीत जमणाऱ्या जत्रेचा हिशेब नव्हता.

पाण्याप्रमाणेच मातीलाही मर्यादा आहे. सड्यावरील मातीचा थर काही सेंटिमीटरांचाच असतो व त्यातच रानफुलांचे बी व कंद असतात. पावसाळ्यात ओली असताना ही माती तुडविली गेल्यास ती घट्ट होते वा वाहून जाते आणि उघड्या पडलेल्या कातळावर ती पुन्हा साचण्यास दीर्घ काळ लागतो. ध्वनिवर्धक, प्रखर दिवे व शेकोट्या यांमुळे निशाचर प्राणी त्या परिसरातून दूर जातात. ज्या शांततेसाठी व काळोख्या आकाशासाठी लोक येतात, तीच त्यांच्या संख्येमुळे नाहीशी होते. जलाशयांच्या काठी राहुट्यांच्या जागी पक्के ओटे, कुंपणे व स्वच्छतागृहे उभारली जाण्याची प्रवृत्तीही वाढली असून त्यांतील सांडपाणी अखेर त्याच जलाशयात उतरते.

दुसरीकडे, पायथ्याच्या गावांना या मुक्कामांपासून रोजगार मिळतो, हेही तितकेच खरे आहे. अकोले भागातील महादेव कोळी व ठाकर समाजांतील अनेक कुटुंबे वाटाड्याचे काम, जेवण व घरगुती निवास यांतून वर्षातील काही महिने उत्पन्न मिळवितात. पावसाळी भातशेतीनंतर स्थलांतर करावे लागणाऱ्या गावांत या उत्पन्नाचे मोल मोठे आहे. मुक्काम सरसकट बंद केल्यास याच कुटुंबांची सर्वांत अधिक हानी होईल. आणि अनिर्बंध मुक्कामामुळे टाकी आटल्यास उन्हाळ्यात त्यांचीच गुरे तहानेली राहतील. त्यामुळे माथ्यावरील मुक्कामांची संख्या पाण्याच्या साठ्यानुसार ठरविणे, उरलेल्यांची सोय पायथ्याच्या घरांत करणे, प्रवेशशुल्काचा विनियोग गावामार्फत टाक्यांतील गाळ काढण्यासाठी व कचरा खाली आणण्यासाठी करणे आणि उन्हाळ्यात काही स्थळांना विश्रांती देणे, हे उपाय उपयुक्त ठरू शकतात. पायथ्याच्या वस्तीत राहून पहाटे माथा गाठण्याची जुनी पद्धत या दृष्टीने अधिक विवेकाची होती. शिबिर उठल्यानंतर तेथे कोणी राहून गेल्याची खूण न उरणे आणि टाक्यातील पाणी पुढील वाटसरूस पिण्यायोग्य असणे, हीच डोंगरी मुक्काम योग्य रीतीने झाल्याची कसोटी मानली जाते.